ओढ्याकाठी लाल पटका

प्रवासवर्णन लिहावं एवढा हा प्रवास लांबचा नाही. सोलापूरहून एस.टी.नं मोहोळ, आणि तिथून बैलगाडीनं सीना नदीच्या बाजूला दोन-अडीच तास. कुणी विचारलं तर मित्राच्या गावी जाऊन आलो, एवढंच मी सांगतो. पण तिथं मी दोनदा गेलो. एकदा १९७१ च्या जानेवारीत, आणि दुसऱ्यांदा त्याच वर्षीच्या एप्रिलात. पहिल्या खेपेचं कुणाला सांगवत नव्हतं. दुसरी खेप झाल्यावर वाटलं, लिहून तरी ठेवावं.

सोलापूर

आमचं घर विणकरांच्या वस्तीत. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. नायना, म्हणजे माझे वडील, सूत रंगवण्याच्या कारखान्यात रंगारी आहेत. त्यांचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी जांभळे असतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी धडपडत असे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचो, आणि सरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत असलं तरी उभं राहायला भ्यायचो.

शेजारी बाळू बसायचा. त्याच्या गावी हिवाळ्यात ज्वारीत रानडुकरं शिरत. त्याच्या वडिलांकडे, आबांकडे, पीक राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. हुरड्याच्या दिवसांत ते दोन-तीनदा हाका घालत. हाका म्हणजे पाच-सहा गडी ओढ्याच्या बाभळींत शिरून आरडाओरडा करत डुकरं बाहेर काढणार आणि आबा दुसऱ्या टोकाला बांधाच्या आड बंदूक घेऊन बसणार.

अडचण कपड्यांची होती. अंगावर मातीच्या रंगाचे कपडे हवेत, नाहीतर डुक्कर लांबूनच बुजतं. पण सगळेच मातीच्या रंगाचे झाले, तर बंदूकवाल्याला माणूस कोण आणि जनावर कोण हे कळायचं नाही. म्हणून हाकेवाले डोक्याला पांढरा पटका बांधत. मागच्या वर्षी हे पटके बघून डुकरं दोनदा उलटी फिरली आणि एका गड्याची मांडी सुळ्यानं फाटली. बाळू हे सांगत होता आणि मी पटकन बोलून गेलो, "मग लाल बांधा की."

त्याच आठवड्यात प्राणिशास्त्राच्या तासाला सर म्हणाले होते की बहुतेक चौपायांना लाल रंग आपल्यासारखा ओळखता येत नाही. माणसाला मात्र तो लांबून दिसतो. मी हे सांगितलं तेव्हा बाळू माझ्याकडे बघतच राहिला. त्यानं घरी पत्र धाडलं. आठ दिवसांनी आबांचं उत्तर आलं, की त्या पाव्हण्याला घेऊन ये आणि लाल पटकेही आण. माझ्या बोलण्यावरून कुणी काही करायचं ठरवलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मांजरपाटाचे सहा तुकडे मी नायनांना रंगवायला दिले. त्यांनी कशाला म्हणून विचारलं, मी सांगितलं. त्यांनी एक तुकडा बोटांत चोळून पाहिला. मग विचारलं, हे कोणत्या वेळी घालणार, दुपारी की सांजेला? मला तो प्रश्न अडाणीपणाचा वाटला. दिवसाच, असं म्हणून मी पुस्तकात डोकं घातलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मोहोळवरून पुढे

मी आणि बाळू मोहोळला उतरलो तेव्हा बाजाराचा दिवस होता. एस.टी.च्या टपावरून माझी वळकटी काढताना हमालानं ती कांद्याच्या पोत्यांवर टाकली आणि पुढचे दोन दिवस माझ्या पांघरुणाला कांद्याचा वास येत राहिला. गाडी घेऊन बाळूचा मामा आला होता. सदामामा, बाळूच्या आईचा धाकटा भाऊ, सांगोल्याकडचा, शेळ्यामेंढ्या राखणारा. त्याची स्वतःची आई लवकर गेल्यामुळे बहिणीनंच त्याला वाढवलेलं. हाक्याला दर वर्षी तो हटकून यायचा. माझा पांढरा टेरीलीनचा शर्ट त्यानं वरपासून खालपर्यंत निरखला.

"पाव्हणं, ह्यो शर्ट घालून तुमी रानात आलासा तर डुकरं थेट सांगोल्याला माज्या दारात जातील. मग मला हितं यायचं कामच न्हाय."

वाटेभर दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती. आमच्या गल्लीत मागांची खटखट थांबते ती फक्त सणाला, त्यामुळे एवढी शांतता मला सोसेना. मामाला ते कळलं असावं. तो बैलांशी, आमच्याशी, मधूनच स्वतःशी बोलत राहिला.

वस्तीवर पोचल्यावर बाळूच्या आईनं, काकूंनी, आधी गूळ आणि पाणी पुढं केलं. आमच्याकडे पाहुण्याला नुसतं पाणी देतात आणि लगेच चहा टाकतात. जेवायला आम्ही भात आणि चिंचेचं सार खाणारी माणसं. तिथं ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि दही. काकू भाकरी थेट चुलीवरून माझ्या ताटात टाकत होत्या. "नको" म्हणायचं कसं ते मला कळेना, म्हणून मी चार खाल्ल्या. मामा म्हणाला, "अक्का, ह्येला आनखी वाढ. कॉलेजात उपाशी ठिवत्यात वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात हुरडा भाजला. शेणकुटांच्या आरातून, म्हणजे निखाऱ्यातून, कणसं काढून मामा ती तळहातावर चोळायचा आणि गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकायचा. त्याचे तळवे भाजत कसे नाहीत, असं विचारलं तर म्हणाला, मेंढरांची लोकर धरून कातडं मेलंय. उठताना माझ्या चपलेतून बाभळीचा काटा आरपार गेला. मामानं माझा पाय मांडीवर घेतला, सुईनं काटा काढला आणि वर रुईचा चीक लावला. मला लाज वाटली. माझा पाय नायनांशिवाय कुणी मांडीवर घेतला नव्हता.

त्या काट्यामुळे मला हाकेवाल्यांबरोबर जाता आलं नाही. मी आबांजवळ बसायचं ठरलं.

डोकं दाखवणं

कपडे मला तिथलेच घालायला दिले. बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवलेली बंडी आणि तसंच धोतर. त्याचा रंग ना तपकिरी ना काळा. नायनांनी असा रंग काढला असता तर मालकानं परत केला असता. पण बांधाला टेकून बसलो आणि मला माझेच गुडघे वेगळे दिसेनात. "आंग रानाचं, डोस्कं माणसाचं," मामा म्हणाला. तिथं तशी म्हणच आहे.

हाक्याआधी त्या गावात एक रीत पाळतात. प्रत्येक हाकेवाला बंदूकवाल्यासमोर येऊन मान वाकवतो. बंदूकवाला त्याच्या पटक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "दिसतंय." याला ते डोकं दाखवणं म्हणतात. डोकं दाखवल्याशिवाय कुणी झुडपात जायचं नाही.

मी पटके वाटले. बाळूसकट पाचांनी लगेच बांधले. मामा मात्र डोक्यावरच्या जुन्या पांढऱ्या पटक्याला हात लावून उभा राहिला.

"बारा वर्सं ह्योच बांधतोय," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला. "पर पाव्हण्यानं एवढ्या लांबनं आनलंय. शिकल्याली मानसं काय खोटं सांगत्यात व्हय? धरा ह्यो. सांजच्याला घेतो तुमच्याकडनं."

पांढरा पटका त्यानं माझ्या हातात दिला आणि लाल बांधून आबांपुढं मान वाकवली. आबांनी हात ठेवला. "दिसतंय," ते म्हणाले.

दुपार कलली होती, पण ऊन चांगलं होतं. सहा लाल डोकी रान तुडवत ओढ्याकडे गेली तेव्हा ती खरोखरच झेंड्यांसारखी दिसत होती. आबा हळूच म्हणाले, "शाब्बास, पोरा." माझी छाती भरून आली. ते मी आता नाकारत नाही.

पहिल्या हाक्यात दोन डुकरं सरळ आमच्याकडे आली. बुजली नाहीत, फिरली नाहीत. आबांचा बार चुकला, तरी लाल रंगाचं म्हणणं खरं ठरलं होतं. गडी खुशीत परत आले. दिवस बुडायला टेकला होता, गायी घराकडे वळल्या होत्या. गायी वळल्या की हाका घालायचा नाही, असा आबांचा नेम. पण एकजण म्हणाला, आता पटके लांबनं दिसत्यात की, आणखी एक घालू. आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"दिसंल न्हवं?"

मी "हो" म्हणालो.

गडी लांबच्या टोकाला गेले. आरडाओरडा सुरू झाला. ओढ्याच्या कडेनं काहीतरी धावत गेल्याचा आवाज आला आणि आमच्या समोर, चाळीसेक पावलांवर, बाभळीखालून एक काळं पाठाड वर आलं. खाली वाकलेलं, पुढं काळं तोंड. मी ते पाहिलं. माझ्या मनात एकच आलं, की केवढं मोठं डुक्कर हे. आबांनी बार काढला.

ओरडला तो मामा. डुक्कर बाजूनं निसटतंय असं वाटून तो आडवा पळत वाकून वर येत होता.

आम्ही त्याला गाडीत घातलं. मोहोळ येण्याआधीच तो गेला. वाटेत तो एकदाच बोलला, की अक्काला सांगू नका. गाडीच्या मागं काकू अनवाणी पळत येत होत्या.

पोलीस आले, पंचनामा झाला, बंदूक जमा झाली. अपघात म्हणून नोंद झाली. माझाही जबाब घेतला. तू काय पाहिलंस, असं त्यांनी विचारलं. कॉलेज, माफ झालेली फी, नायना, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मी म्हणालो, मी दुसरीकडे बघत होतो. आबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "माज्या डोळ्यांनी दगा दिला. दुसरं काय न्हाय." लाल पटक्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. कुणीच बोललं नाही.

परत सोलापूर

घरी आल्यावर वळकटी सोडली तेव्हा आत मामाचा पांढरा पटका निघाला. तो कधी आत ठेवला गेला ते मला आठवत नाही. उशीखाली ठेवून मी दहा-बारा दिवस झोपत होतो. एका संध्याकाळी नायनांनी तो पाहिला. मी सगळं सांगितलं, एक जबाब सोडून.

दुसऱ्या दिवशी ते मला कारखान्याच्या मागच्या वाळवणीत घेऊन गेले. बांबूंवर सुताच्या लड्या वाळत होत्या, काही लाल, काही अजून न रंगवलेल्या पांढऱ्या. त्यांनी मला समोर दगडावर बसवलं आणि शेजारी स्वतः बसले. सूर्य गेला. आम्ही बघत राहिलो. आधी लाल लड्या विटकरी झाल्या, मग काळपट, मग नुसत्या काळ्या. मागच्या काळ्या भिंतीत त्या केव्हा मिसळल्या ते कळलंही नाही. पांढऱ्या मात्र कितीतरी वेळ तिथंच होत्या.

नायना तेलुगूत म्हणाले, "दिवेलागणीला आम्ही लाल रंग जुळवत नाही. उजेडाबरोबर लाल सगळ्यांत आधी जातो. म्हणून मी तुला वेळ विचारली होती."

मी रडायला लागलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्या दिवशी लालच होता.

"मीच पुन्हा विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "पण तू कॉलेजात जातोस. वाटलं, तुला ठाऊक असेल."

एप्रिल

बाळू महिनाभरानं कॉलेजात आला. तो माझ्याशी पूर्वीसारखाच वागला, तू मनाला लावून घेऊ नको असंही म्हणाला. घरचं मात्र त्यानं थोडं थोडं करून सांगितलं. आबा शेतात जात नव्हते. ओसरीवर बसून समोरून जाणाऱ्या जनावराकडे आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं बघायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, ही गाय काळी हाय का तांबडी? त्यांचा अंदाज खरा निघाला तरी त्यांना पटायचं नाही. आणि काकू त्या दिवसापासून त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. ताट वाढायच्या आणि पाठ फिरवायच्या.

आबांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, हे जगात मला आणि नायनांना ठाऊक होतं. परीक्षा संपल्याबरोबर मी निघालो. बरोबर मामाचा पांढरा पटका आणि आधीच्या सहांच्याच रंगात बुडवलेला एक लाल पटका घेतला. या वेळी नायनांनी तो रंगवताना काही विचारलं नाही.

रान ओळखू येत नव्हतं. ज्वारी निघून गेली होती, नुसती धसकटं उरली होती, ओढा कोरडा पडला होता. काकूंनी गूळ आणि पाणी ठेवलं, पण हातात दिलं नाही. खाली ठेवून त्या आत गेल्या. जेवताना घरात फक्त ताटांचा आवाज होता.

उन्हं उतरल्यावर मी आबांना म्हणालो, माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत चला. ते नको म्हणाले. मी पुन्हा म्हणालो. कुणाला दोनदा काही सांगायची मला सवय नाही, पण तिसऱ्यांदाही म्हणालो. बाळूनं त्यांना हाताला धरून उठवलं आणि तो मागं थांबला.

त्यांना मी त्याच बांधावर बसवलं. लाल पटका डोक्याला बांधला आणि बाभळीच्या सालीच्या रंगाची तीच बंडी, बाळूनं दिलेली, अंगात घातली. पांढरा पटका कमरेला, बंडीच्या आत खोचला. मग चाळीस पावलं चालत जाऊन त्याच बाभळीखाली उभा राहिलो.

"आबा, दिसतंय?"

"दिसतंय," ते म्हणाले. आवाज बसलेला होता.

मी थांबलो. दिवस बुडाला. लांबून गायींच्या घंटा ऐकू आल्या आणि गेल्या. आभाळात उजेड होता, खाली कमी होत चालला होता. मी मान वाकवून मामासारखा पुढं झुकलो.

"आबा, आता?"



"काळं दिसतंय," ते म्हणाले. "निस्तं काळं. तुजं डोस्कं कुटं हाय रं?"

मी ओरडून सांगितलं की मी तिथंच आहे, पटका तोच आहे, लालच आहे. त्यांचे डोळे चांगले आहेत. सांजेला लाल रंग जातो, हे रंगाऱ्याच्या पोरानं सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. आणि मग जे तीन महिने सांगायचं होतं ते सांगितलं.

"त्या दिवशी मी दुसरीकडे बघत नव्हतो, आबा. मी समोरच बघत होतो. मलाही डुक्करच दिसलं. जबाबात मी खोटं बोललो."

मी कमरेचा पांढरा पटका काढला आणि डोक्याच्या वर धरला.

"हां," ते लगेच म्हणाले. "ते दिसतंय." आणि मग त्यांचा रडण्याचा आवाज आला. मोठ्या माणसाला असं रडताना मी ऐकलं नव्हतं.

मी बांधापर्यंत परत गेलो आणि काय करावं ते न कळून त्यांच्यापुढं मान वाकवली. त्यांनी लाल पटक्यावर हात ठेवला. पण रीतीचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

तेव्हा मला त्यांच्या मागं काकू उभ्या दिसल्या. त्या कधीपासून तिथं होत्या ते माहीत नाही. त्या नवऱ्याच्या बाजूला आल्या आणि म्हणाल्या,

"उटा आता. भाकरी गार व्हायल्यात."

तीन महिन्यांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं. आबांनी वर पाहिलं आणि बांधाला हात टेकून उठले. मग काकू माझ्याकडे वळल्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नाही. माझ्या हातातला भावाचा पटका त्यांनी काढून घेतला, घडी न करता खांद्यावर टाकला आणि चालू लागल्या. त्यांनी मला काही बोलावं अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि त्या बोलल्या नाहीत हे बरोबरच झालं असं मला अजूनही वाटतं.

पुढं त्या, मागं आबा, आणि बऱ्याच मागं मी. अंधारत गेलं तशी ती दोघं दिसेनाशी झाली, तरी खांद्यावरचा पांढरा पटका घराच्या दारापर्यंत दिसत होता. माझ्या डोक्याला अजून लालच होता. त्यांनी वळून पाहिलं असतं तरी मी त्यांना दिसलो नसतो.